ग्लँड्युलर फिव्हर कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. जुलै महिना, पुण्यातला पाऊस, ढोलपथकाचा सराव नुकताच सुरू झालेला. एक दिवस कणकण आली म्हणून ती आडवी झाली आणि आजाराचं नाव कळायला पुढे सतरा दिवस गेले. तोवर डेंगी झाला, टायफॉईड झाला, टॉन्सिल्स झाले, अंगावर पुरळ आल्यावर गोवरसुद्धा म्हणून झाला. शेवटी ग्लँड्युलर फिव्हर निघाला. तेव्हापासून नात्यातलं, सोसायटीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतंच. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. मात्र या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं आहे आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावूनही सोडलं आहे. इथे लिहिलेलं वाचून रोगाचं निदान करू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय सांगायचं आणि काय विचारायचं, तेवढ्यासाठी याचा उपयोग करा.

ग्लँड्युलर फिव्हर म्हणजे नेमकं काय?

एपस्टाइन-बार (ईबीव्ही) नावाच्या विषाणूमुळे येणारा ताप. यात मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या लसीका ग्रंथी सुजतात, म्हणून त्याला ग्रंथिज्वर म्हणतात. वैद्यकीय नाव इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस. अमेरिकेत शिकणारी मुलं नुसतं ‘मोनो’ म्हणतात, इंग्लंड-ऑस्ट्रेलियातली ग्लँड्युलर फिव्हर. आजार एकच.

ग्रंथी सुजणं म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते याच जातीचं. शरीर लढत असल्याची ती खूण.

हा विषाणू १९६४ साली अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी शोधला, तोही एका कर्करोगाच्या पेशींत. त्याचा या तापाशी असलेला संबंध पुढे फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेत उलगडला. तिथल्या एका तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती. ती या तापाने आजारी पडली आणि बरी झाल्यावर तिच्याच रक्तात ती सापडली. १९६८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

सुरुवात कशी होते? पहिल्या दिवसापासून कळतं का?

नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्यामुळे ‘परवा पावसात भिजली म्हणून’ किंवा ‘बाहेरचं खाल्लं म्हणून’ हा शोध इथे निरर्थक ठरतो.

पहिले काही दिवस अंगात नुसती कसर असते. डोकं जड, जेवण नको, अंग मोडून आल्यासारखं. मग ताप चढतो, बऱ्याचदा १०१ ते १०३ पर्यंत, आणि घसा धरतो. आमच्याकडे चौथ्या दिवसापर्यंत घसा मुळीच दुखत नव्हता. पाचव्या दिवशी तिला थुंकी गिळता येईना.

ओळखायच्या चार गोष्टी आहेत: ताप, घसा, मानेतल्या गाठी आणि थकवा. यातली कुठलीही एक सुटी पाहिली तर शंभर आजारांत सापडेल. चारही एकत्र असतील, माणूस पंधरा ते पंचवीस वर्षांच्या आसपासचा असेल आणि आठवडा उलटूनही उतार पडत नसेल, तर या आजाराचं नाव डॉक्टरांसमोर नक्की काढा. आमची चूक इथेच झाली. ताप एका डॉक्टरांना सांगितला, पुरळ दुसऱ्यांना दाखवलं आणि थकव्याबद्दल कोणालाच सांगितलं नाही, कारण तो आम्हाला सांगण्यासारखा वाटलाच नाही.

घसा तर टॉन्सिल्समध्येही दुखतो. फरक कसा करायचा?

डोळ्यांना दिसणारा फरक फार थोडा आहे. दोन्हींत टॉन्सिल्स लालबुंद सुजतात, त्यांवर पांढरट-करडा थर येतो. ग्लँड्युलर फिव्हरमध्ये टाळूवर, म्हणजे तोंडाच्या छतावर, बारीक लाल ठिपके दिसू शकतात. वरच्या पापण्या सुजून डोळे जडावलेले दिसतात. आम्हाला वाटलं, रडून सुजले असतील.

खरा फरक दिवसांत आहे. जिवाणूमुळे झालेला घशाचा संसर्ग योग्य औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत उतरू लागतो. हा उतरत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दुखणं सर्वांत जास्त असतं आणि पुढे आठवडा-दहा दिवसांत हळूहळू ओसरतं. अँटिबायोटिकचे तीन-चार दिवस होऊनही घसा तसाच राहिला तर डॉक्टरांकडे परत जा. औषध बदलून मागण्याआधी ‘हे विषाणूमुळे तर नसेल?’ असं विचारा.

थर करडा आणि घट्ट चिकटलेला असेल, मान खूप सुजली असेल आणि मुलाचं लसीकरण अपुरं असेल, तर घटसर्पाची शंका आधी फेडून घ्या. त्यात एक दिवसही घालवू नये.

गाठी कुठे बघायच्या?

मानेच्या मागे. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण तिथे कोणी हात लावत नाही. घसा खराब झाला की जबड्याखाली, पुढच्या बाजूला गाठी येतात, त्या आपल्याला माहीत असतात. ग्लँड्युलर फिव्हरमध्ये त्यांच्या जोडीला कानामागून खांद्याकडे उतरणाऱ्या रेषेवर, दोन्ही बाजूंना, हरभऱ्यापासून बोराएवढ्या गाठी हाताला लागतात. दाबल्यावर दुखतात, बोटाखाली थोड्या हलतात. काखेत आणि जांघेतही येऊ शकतात.

चौदाव्या दिवशी आम्ही ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, त्यांनी आधी फाइल बाजूला ठेवली आणि लेकीच्या मागे उभं राहून दोन्ही हातांनी मान चाचपली. अर्धा मिनिट लागला असेल. त्यानंतरच त्यांनी रक्त तपासायला सांगितलं.

गालगुंडाशी गल्लत होते का? होते. पण गालगुंडात कानाच्या पुढे-खाली गाल फुगतो आणि चावताना दुखतं. इथे गाठी मानेत असतात.

थकवा कुठल्याही तापात येतोच. यातला थकवा वेगळा कसा?

या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरोघरी भांडणं याच्यावरूनच होतात.

साध्या तापात ताप उतरला की माणूस उठून बसतो, खायला मागतो. यात ताप गेल्यावरही गळाठा राहतो. लेक आंघोळ करून यायची आणि केस पुसायला हात उचलवत नाही म्हणून तशीच ओली पलंगावर पडायची. बारा तास झोपून उठली तरी डोळ्यांत झोप असायची. पुस्तकाचं एक पान वाचून संपायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘पडून पडून आळस भरलाय.’ मलाही दोन दिवस तसंच वाटलं. ते वाटणं आजही मला टोचतं.

बहुतेकांचा ताप आणि घसा दोन ते चार आठवड्यांत बरा होतो. थकवा त्याहून अधिक आठवडे राहू शकतो आणि थोड्या लोकांत सहा महिन्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही लांबतो. तो खरा असतो. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे मूल ढोंग करतंय असं नाही. मात्र थकवा लांबलाच तर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ एकदा बघून घ्यावं. दरवेळी सगळं खापर एकाच विषाणूवर फोडू नये.

पावसाळ्यात ताप आला की आधी डेंगी-टायफॉईडच बघतात. ते चूक आहे का?

मुळीच नाही. महाराष्ट्रात पावसाळ्यात डेंगी, मलेरिया, टायफॉईड, लेप्टो हेच आधी बघायला हवेत, कारण ते जास्त आढळतात आणि त्यांत उशीर महागात पडतो. ते सगळे नाहीत असं ठरल्यावर शोध थांबू नये, एवढंच माझं म्हणणं.

डेंगीत ताप एकदम चढतो, डोळ्यांच्या मागे ठणकतं, हाडं मोडल्यासारखी दुखतात. ताप बहुधा आठवड्याच्या आत उतरतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात. टायफॉईडचा ताप दिवसागणिक चढत जातो, पोटाच्या तक्रारी असतात, जिभेवर थर येतो, पण घसा हे मुख्य दुखणं नसतं. ग्लँड्युलर फिव्हरमध्ये पांढऱ्या पेशी बऱ्याचदा वाढतात आणि त्यांतही लिम्फोसाइट्स निम्म्याहून जास्त होतात.

गोंधळ वाढवणारी गोष्ट म्हणजे प्लेटलेट्स. त्या या आजारातही थोड्या खाली येऊ शकतात. आमच्या रिपोर्टवर प्लेटलेट्स कमी दिसल्या आणि अख्खं घर पपईच्या पानांच्या मागे लागलं. त्याच कागदावर चार ओळी वर लिम्फोसाइट्सचा आकडा होता, त्याकडे कोणीच पाहिलं नाही.

अँटिबायोटिक घेतल्यावर अंगभर पुरळ उठलं. ॲलर्जी आहे का?

अ‍ॅमॉक्सिसिलिन किंवा अ‍ॅम्पिसिलिन या गटाचं औषध या आजारात दिलं तर अनेकांना काही दिवसांनी छाती-पाठीपासून सुरू होऊन अंगभर लालसर, खाजरं पुरळ येतं. जुन्या नोंदींत हे प्रमाण खूप मोठं सांगितलेलं असायचं. अलीकडच्या अभ्यासांत ते बरंच कमी दिसतं. पण पुरळ येतं हे नक्की, आणि कधी कधी तेच आजाराचा पहिला धागा ठरतं. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी घसा पाहून हेच औषध दिलं आणि नवव्या दिवशी पुरळ आलं.

ही बहुधा कायमची पेनिसिलिन ॲलर्जी नसते. तरी स्वतःच तसं ठरवू नका. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि पुरळाचा फोटो जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला किंवा तोंडात फोड आले तर ते वेगळं प्रकरण आहे. लगेच रुग्णालय गाठा.

कुठल्या तपासण्या करतात?

पहिली सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, सोबत रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून बघणं. त्यात ‘एटिपिकल लिम्फोसाइट्स’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट पेशी, दहा टक्क्यांच्या वर दिसल्या तर संशय बळावतो. एलएफटी, म्हणजे यकृताची तपासणी, कारण यकृताला थोडी सूज बहुतेकांना येते. कावीळ दिसण्याइतकी मात्र थोड्यांनाच.

मग मोनोस्पॉट नावाची झटपट चाचणी. तिचं मूळ १९३२ सालच्या पॉल-बनेल चाचणीत आहे. या आजारात रुग्णाचं रक्तद्रव्य मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतं, असं त्या दोघांना आढळलं होतं. पहिल्या आठवड्यात ही चाचणी चारांतल्या एकाला खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि चार वर्षांखालच्या मुलांत तर ती फारशी भरवशाची नाही.

नेमकं उत्तर ईबीव्हीच्या प्रतिपिंडांतून मिळतं. ‘व्हीसीए आयजीएम’ पॉझिटिव्ह आणि ‘ईबीएनए’ निगेटिव्ह असेल तर संसर्ग ताजा. नुसतं ‘आयजीजी’, म्हणजे जुन्या संसर्गाची खूण, पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरू नका. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी होऊन गेलेला असतो, त्यामुळे तुमचं-माझंही ते पॉझिटिव्ह येईल.

‘पाणथरी सुजली आहे’ म्हणाले. किती काळजी करायची?

पाणथरी, म्हणजे प्लीहा, पोटात डाव्या बाजूला बरगड्यांच्या आड असते. या आजारात जवळपास निम्म्या रुग्णांत ती लक्षात येण्याइतकी वाढते. वाढलेली पाणथरी नाजूक असते आणि क्वचित फुटते. हजारात एक ते पाच, इतकं हे प्रमाण कमी आहे, पण फुटली तर जिवावर बेतू शकतं. बहुतेक वेळा हे पहिल्या तीन आठवड्यांत होतं आणि कधी कधी काहीही मार न लागता.

म्हणून धावणं, जिममध्ये वजनं उचलणं, कबड्डी, दहीहंडी, मल्लखांब निदान तीन-चार आठवडे पूर्ण बंद, आणि परत सुरू करण्याआधी डॉक्टरांची परवानगी. ढोलसुद्धा यातच आला. कमरेला बांधलेला ढोल नेमका पोटावर टेकतो. लेकीला त्या वर्षीची मिरवणूक चुकवावी लागली. गणपतीत ती खूप रडली, पण आम्ही ऐकलं नाही.

आणखी एक कळकळीची विनंती. पोट दुखतंय म्हणून बेंबी सरकली असं समजून पोट चोळायची आपल्याकडे पद्धत आहे. या आजारात कोणालाही पोट चोळू देऊ नका. वारंवार दाबूनही बघू नका.

हा ‘किसिंग डिसीज’ आहे म्हणतात. मुलाला काय विचारावं?

काहीही विचारू नका. हा विषाणू लाळेतून पसरतो, म्हणून ते नाव पडलं. पण लाळ पोहोचायला एकाच बाटलीला तोंड लावणंही पुरतं, उष्टा चमचा पुरतो, आजीने बाळाला आपल्या ताटातला घास भरवणं पुरतं. सहा आठवड्यांपूर्वी कोणाचं काय तोंडाला लागलं हे कोण सांगणार? शिवाय ज्याच्याकडून आला, त्याला स्वतःला कसलाच त्रास नसू शकतो. बरं झाल्यावरही लाळेतून विषाणू कित्येक महिने आणि पुढे आयुष्यभर अधूनमधून बाहेर पडतो.

लहानपणी आम्ही कैरी शर्टात धरून चिमणीच्या दातांनी तोडायचो, म्हणजे ती उष्टी होत नाही असं मानायचो. विषाणूपुढे त्या कापडाचं काही चालत नसणार. एकमेकांचं उष्टं खात वाढलेल्या मुलांना हा विषाणू बहुधा पाच-सहा वर्षांच्या आतच होतो, आणि त्या वयात तो साध्या सर्दी-तापासारखा येऊन जातो. म्हणूनच आपल्याकडे हे नाव फारसं ऐकू येत नाही. लहानपणी ज्यांना तो गाठत नाही, त्यांना तो कॉलेजच्या वयात भेटतो आणि तेव्हा चांगलाच आडवा करतो.

घरात वेगळं ठेवायचं का?

खोलीत कोंडून ठेवायची गरज नाही. हवेतून पसरणारा हा आजार नव्हे. पाण्याचा पेला, बाटली, टूथब्रश वेगळा ठेवावा आणि काही आठवडे उष्टं खाणं, पापे घेणं टाळावं. नेहमीसारखी धुतलेली भांडी पुरे आहेत. घरात कोणाची प्रतिकारशक्ती कमी असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना जरूर कळवा. पूर्ण बरं होईपर्यंत रक्तदान करू नये.

औषध काय? आणि खायला काय द्यायचं?

विषाणू मारणारं उपयोगी औषध या आजारात नाही, लसही अजून उपलब्ध नाही. विश्रांती, भरपूर पाणी आणि तापासाठी पॅरासिटामॉल एवढाच उपचार. यकृत सुजलेलं असतं, म्हणून पॅरासिटामॉलही सांगितलेल्या प्रमाणाबाहेर नको आणि दारू तर अजिबात नको. १६ वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. डेंगीची शंका फिटेपर्यंत आयब्युप्रोफेनही टाळलेलं बरं. घसा सुजून श्वासाला अडथळा होऊ लागला तर रुग्णालयात स्टेरॉइड देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

खायला जे घशाखाली उतरेल ते. पेज, मुगाची पातळ खिचडी, मेतकूट-तूप-भात. आमच्याकडे थंडगार दूध आणि आइसक्रीमनेच दोन दिवस निभावले आणि त्याने काही बिघडलं नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं.

कधी थांबायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं?

डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र कळ आली, किंवा पोटासोबत डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखू लागलं, चक्कर येऊन घाम सुटला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. श्वास घेताना घरघर होत असेल, स्वतःची लाळही गिळवत नसेल, आठ-दहा तास लघवी झाली नसेल, मान ताठरली असेल, बोलण्यात असंबद्धपणा आला असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तरीही.

महिना झाला, गाठी अजून आहेत. टीबी किंवा कॅन्सर तर नसेल?

या आजारातल्या गाठी काही आठवड्यांत लहान होत जातात. लहान होत आहेत ना, हे बघायचं. चार ते सहा आठवड्यांनंतरही गाठ तेवढीच राहिली, वाढली, एकच बाजू फुगली, दुखत नाही पण दगडासारखी कडक लागते, एकमेकींना चिकटून गोळा झाला, सोबत वजन घटतंय, रात्री घाम येतोय, तर पुढची तपासणी करायलाच हवी. ज्यांना आपले जुने लोक गंडमाळा म्हणत, तो मानेतल्या ग्रंथींचा क्षय आजही आपल्याकडे आढळतो. सुई घालून तपासणी करतात, त्याला एफएनएसी म्हणतात. भीतीपोटी ती लांबवू नका.

पुन्हा होतो का? पुढे काही राहतं का?

विषाणू रक्तातल्या बी पेशींत आयुष्यभर मुक्काम करतो, पण हा ताप सहसा पुन्हा येत नाही.

काही कर्करोगांशी या विषाणूचा संबंध आहे हे खरं. २०२२ मध्ये एक कोटीहून जास्त अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून असंही दिसलं, की हा संसर्ग झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका आजाराचा, धोका ३२ पटींनी वाढतो. हा आकडा वाचून मी एक रात्र जागून काढली. मग डॉक्टरांनी समजावलं, की मल्टिपल स्क्लेरोसिस मुळात विरळा आजार आहे आणि विषाणू जवळपास सगळ्या जगाच्या अंगात आहे. ज्यांना तो झाला त्यांतल्या बहुतांश लोकांना पुढे काहीही होत नाही.

मुलगा परदेशात एकटा आहे, फोनवर म्हणतो घसा दुखतोय. इथून काय विचारू?

व्हिडिओ कॉल लावा. टॉर्च लावून तोंड उघडायला सांगा, टाळूवर ठिपके दिसतात का बघा. मानेच्या मागून कानापासून खांद्यापर्यंत स्वतःच बोटं फिरवायला सांगा. तुमच्यासमोर एक पेलाभर पाणी प्यायला लावा. कुठली गोळी घेतली ते पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, कारण इथून जाताना आपणच बॅगेत अ‍ॅमॉक्सिसिलिनची स्ट्रिप भरून दिलेली असते. किती दिवस झाले ते मोजा. इंग्लंडमध्ये असेल तर १११ वर फोन करून सल्ला घेता येतो आणि श्वासाचा किंवा पोटातल्या कळेचा त्रास असेल तर ९९९. रूम शेअर करणाऱ्या मित्राचा नंबर त्याच वेळी मागून घ्या. लेक झोपेत असायची तेव्हा तिचा फोन तासन्‌तास वाजत राहायचा, आणि आम्ही तर शेजारच्याच खोलीत होतो.